पहिल्या डब्याचा बर्फ

"पुन्हा बूट काढलेस?" सेनोबियो दारातूनच ओरडला.

त्याची बायको एलोदिया खाटेच्या कडेवर बसली होती. एक पाय बुटात, दुसरा गार मातीच्या जमिनीवर टेकवलेला.

"चावतोय मेला. आणि गाडी आहे दुपारची. सकाळपासून बूट घालून बसायला मला काय फोटो काढायचाय?"

"पाय सुजलाय तुझा, म्हणून चावतो."

"पाय नाही सुजला. बूट आकसलाय. तुझ्यासारखाच."

सेनोबियो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. बुटाची नाडी पार खालपर्यंत सैल केली आणि तिचा पाय हातात घेतला. घोट्यावर त्याच्या अंगठ्याचा खड्डा पडला आणि तो काही लवकर भरून येईना. दोघांनीही तिकडे पाहिलं आणि दोघांनीही पाहिलंच नाही असं केलं.

एलोदियाचं हृदय थकलं होतं. डॉक्टरनं दाराच्या फळ्यांसारखी दोन बोटं हवेत हलवून आतली झडप कशी नीट मिटत नाही ते दाखवलं होतं. समुद्रकाठच्या मोठ्या शहरात, लॉस एंजेलिसला, मोठ्या दवाखान्यात ती झडप दुरुस्त करणारे लोक आहेत म्हणाला. मुलगी अंपारो तिथेच शिवणकाम करायची, तिनं सगळं ठरवून टाकलं. पण मधे वाळवंट. "थंड डब्यात गेली तर पोचेल," डॉक्टर म्हणाला. "डबा तापला तर हे हृदय ते सोसायचं नाही. मी खोटं कशाला सांगू?" सेनोबियोनं टोपी हातात फिरवत विचारलं होतं, "थंड म्हणजे किती थंड?" डॉक्टर म्हणाला, "ते मला काय विचारतोस? बर्फ तू भरतोस."

आता हे गाव पोसो सेको, म्हणजे कोरडी विहीर. वाळवंटातल्या गावाला असं नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे, येणाऱ्याला त्यानं फसवलं तरी नाही. तर ह्या कोरड्या विहिरीच्या काठी रेल्वे कंपनीनं बर्फखाना बांधला. पूर्वेकडून येणाऱ्या गाड्यांचा बर्फ इथवर येईतो संपलेला असायचा आणि पुढे तर सगळी नुसती वाळू. डब्यांच्या पोटाशी, खाली, बर्फाच्या पेट्या असत. पेटीतल्या गार पाण्यावरून पंखा वारा ओढायचा आणि वर बसलेले लोक ऐन जुलैत कोट घालून पेपर वाचायचे. खिडक्या मात्र कायमच्या बंद. बर्फ आहे तोवर स्वर्ग, आणि संपला की त्याच डब्याची भट्टी.

रुळांच्या दक्षिणेला आम्हा मेक्सिकन लोकांची वस्ती. घराघरात कुणी ना कुणी बर्फखान्यात. सेनोबियो बारागान त्यातला सगळ्यात जुना, मुकादम, गळ्यात शिट्टी. गाडीचं पोट त्याला तोंडपाठ होतं. कुठल्या डब्याचं झाकण अडकतं, कुठल्याची कडी लाथ घातल्याशिवाय उघडत नाही, सगळं. पण गाडीत तो कधी बसला नव्हता. एलोदियाही नाही. सीमेपलीकडून दोघं आली ती खेचराच्या गाडीतून आणि उरलेलं पायी.

"आतून कशी असते रे?" बूट चढवता चढवता तिनं विचारलं.

"मला काय ठाऊक? मी खालचा माणूस."

"तरी?"

"मखमल असते म्हणतात. बसलं की रुतायला होतं."

"आणि थंडी?"

"थंडी मी पाठवतो की. खास तुझ्यासाठी."

"जास्त नको पाठवूस. मला सवय नाही."

तिला थंडी ठाऊक होती ती फक्त त्याच्या पाठीची. संध्याकाळी तो कामावरून आला की ती चुलीपुढून उठून यायची आणि त्याच्या पाठीला गाल लावून उभी राहायची. दिवसभर लाद्या वाहून वाहून ती पाठ अंधार पडेपर्यंत गार असे. "आज गाड्या जास्त आल्या वाटतं," ती डोळे मिटून म्हणायची. पोरं लहान होती तेव्हा रांग लागायची त्या पाठीसाठी. शेजारच्या बायका हसायच्या, पण त्यांच्या घरीही तेच चालायचं.

"स्टेशनवर बोलायला मिळायचं नाही," सेनोबियो म्हणाला. "गाडी लागली की मला मान वर करायची सोय नसते."

"ठाऊक आहे."

"तर आत्ताच काय ते..."

"हं. बोल ना मग."

तो उभा राहिला. खिडकीतून ऊन येऊन तिच्या बांधलेल्या गाठोड्यावर पडलं होतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, तेव्हा त्यानं मनातल्या मनात पुष्कळ काही जुळवलं होतं. आपण हिच्याशी लग्न केलं हे आपलं केवढं नशीब, असं काहीतरी. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"पाणी पीत जा," तो म्हणाला.

"पिईन."

"ऑक्टोबरात बर्फाचं काम आटपलं की मी येतोच."

"ये." तिनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं, जे तो कामावर कधीच लावत नसे. मग नेहमीसारखं हातानं झटकून टाकल्यागत केलं. "जा आता. बर्फखान्यात नाबोर शिव्या घालत असेल."

*

बर्फखान्यात सकाळीही सकाळ नसते. आत शिरलं की जग मागे राहतं. एक पिवळा दिवा, लाकडाच्या भुशाचा ओला वास आणि पायांशी सरकणारं पांढरं धुकं. बोललेला शब्द तोंडातून बाहेर पडताना दिसतो. नवी माणसं आत गेली की उगाच हळू आवाजात बोलायला लागतात, आमच्यातली काही जुनी माणसंसुद्धा.

लादी गोठते ती बाहेरून आत. पाण्यातला सगळा गाळ, सगळी हवा मधे मधे ढकलली जाते आणि शेवटी लादीच्या पोटात एक पांढरा ढग उरतो. त्याला आम्ही लादीचा जीव म्हणतो. जीव मोठा असेल तर लादी लवकर फुटते, लवकर वितळते. पण कधीमधी एखादी लादी अशी निघते की आत ढगच नसतो, आरपार दिसतं. तशी एक सेनोबियोनं दोन दिवसांपूर्वी हेरून ठेवली होती आणि मागच्या भिंतीशी गोणपाटात गुंडाळून दडवली होती.

त्यानं गोणपाट बाजूला केलं. दिव्याचा उजेड लादीतून पलीकडे गेला. तो पाहत राहिला. पलीकडची भिंत लादीत वाकली होती, हलत होती, आणि बघता बघता तिथे भिंत राहिलीच नाही. एक नदी होती, नदीत पाय सोडून एक पोरगी बसली होती, आणि तिचे घोटे बारीक, सडपातळ होते. तिनं वर पाहिलं. काहीतरी म्हणणार होती.

"कोंपाद्रे, लग्न लागलं का तुझं त्या लादीशी?" नाबोर मागे उभा होता.

नाबोर म्हणजे सेनोबियोच्या पोरीचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचे. पोट सुटलेला, तोंडाळ, आणि लादी उचलताना मात्र मांजरासारखा हलका.

"ही पहिल्या डब्याला," सेनोबियो म्हणाला. "कुणी हात लावायचा नाही."

"पहिल्या डब्याला चुरा जातो."

"आज नाही जायचा."

नाबोरनं गोणपाट पुन्हा लादीवर ओढलं. त्यालाही कळलं, एलोदिया त्याच डब्यातून जाणार. कामाची रीत अशी होती, की बर्फखाना फलाटाच्या शेपटीकडे, म्हणून भरायला सुरुवातही गाडीच्या शेपटीपासून. तिथे झोपायचे डबे, पैसेवाल्यांचे. त्यांना सबंध लाद्या. मग डायनिंगचा डबा. त्याला बर्फ तर हवाच, शिवाय टरबुजांच्या पाट्या, कोबी, दुधाचे कॅन, मासळीच्या पेट्या, धुतलेल्या टेबलक्लॉथांची गाठोडी. तिथून पुढे बसायचे डबे. इंजिनामागे सामानाचा डबा आणि त्याला लागून पहिला बसायचा डबा. मधल्याच स्टेशनांवर चढणाऱ्या आमच्यासारख्यांना कंडक्टर तिथेच बसवायचा. तिथवर आमचे बर्फाचे हातगाडे पोचेपर्यंत उरलेला असे तो चुरा, फुटके तुकडे, भुशातले खडे. फावड्यानं भरायचे, झाकण लावायचं, शिट्टी द्यायची. सेनोबियोनं सगळी हयात तसंच केलं होतं. त्या डब्यात वर कोण बसतं हा विचार त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता. परवा एलोदियाचं तिकीट हातात पडलं तेव्हा आला, आणि तेव्हापासून त्याचं अन्न गोड लागत नव्हतं.

*

गाडी उशिरा होती.

दुपार वर चढली. पोसो सेकोतली जुलैची दुपार ही जागेपणी पडणाऱ्या स्वप्नासारखी असते. रूळ पाण्यासारखे चकाकतात, डोंगर जमिनीपासून सुटून वर तरंगतात. दूर पाण्याच्या टाकीच्या सावलीत हसिंता, म्हणजे नाबोरची बायको, काळी छत्री धरून उभी होती आणि छत्रीखाली गाठोड्यावर एलोदिया बसली होती. उन्हाच्या वाफेत तिचे पाय दिसत नव्हते. फलाटावर बसलीय की फलाटाच्या वर, कळत नव्हतं. सेनोबियोनं हात वर केला. बऱ्याच वेळानं, जणू हात तिथवर चालत गेला असावा, तसा तिनंही हात वर केला.

"बाई सुकून जाईल तिथे," लिब्रादो पुटपुटला. लिब्रादो उंच, अबोल, दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा. त्यातलं एक खर्च झालं.

तेवढ्यात प्रुइटसाहेब घाम पुसत आले. फलाटाचे फोरमन. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना वरच्यांची भीती फार. आमची भाषा त्यांना येई, फक्त त्यात बाया-पुरुष एकाच पंगतीत बसत.

"गाडी आला की लगेच सोडायची," ते म्हणाले. "उशीर भरून काढायचाय. निम्मी वेळ मिळेल. झोपायचे डबे भरा, डायनिंग भरा. बस."

"आणि पुढचे?" सेनोबियोनं विचारलं.

"पुढच्यांना पुढल्या बर्फखान्यावर."

"साहेब, पुढला बर्फखाना वाळवंटापलीकडे आहे."

"मला ठाऊक आहे तो कुठे आहे."

"डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत."

"सेनोबियो, मी काय करू? तार आली आहे. वेळ निम्मी. हे बघ, आपण गरीब माणसं. तू पण, मी पण." आणि ते रुमाल डोक्यावर टाकून सिग्नलकडे निघून गेले.

सेनोबियो गाड्यांकडे वळला. सावलीकडे पाहण्याचा धीर त्याला झाला नाही. धावत जाऊन एलोदियाला सांगावं, आज नको, उद्या जा. पण दवाखान्याचा दिवस ठरलेला, अंपारोनं किती खेटे घालून मिळवलेला, आणि ह्या उन्हाळ्यात एलोदियाचे उद्या किती उरलेत ते कोण सांगणार? घरी राहिली तरी ऊन, गाडीत बसली तरी ऊन. त्यानं गाड्याच्या दांडीवर हात ठेवला. लोखंड पोळत होतं, पण हात काढायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

"नाबोर."

"बोल."

"आज पुढून सुरुवात करायची."

नाबोरनं डोळे बारीक केले. "पुढून? म्हणजे भरलेले गाडे सबंध गाडीच्या लांबीएवढे ओढत न्यायचे, आणि मग मागे मागे यायचं?"

"हो."

"ह्या उन्हात."

"हो."

"तुझी शिट्टी जाईल, मुकादमी जाईल."

"जाऊ दे."

नाबोर थुंकला. हातांत चामड्याचे मोजे चढवले. "मी आपला विचारत होतो. आधी सांगितलं असतंस तर दुपारी जेवणात मिरची जरा कमी खाल्ली असती. लिब्रादो, तुझं काय?"

लिब्रादो तोपर्यंत पहिल्या गाड्याला खांदा लावून उभा होता.

*

गाडी आली ती आवाजाआधी आली. आधी रुळांवर एक काळा थेंब, मग तो लांबला, मग एकदम सगळीकडे गाडीच गाडी. गाडी थांबलीही नव्हती तोच ह्यांचे गाडे निघाले, शेपटी सोडून सरळ इंजिनाकडे. लोखंडी चाकांनी फलाटाच्या फळ्या खडखडल्या. मागून प्रुइटसाहेबांची हाक आली, "अरे! कुठे? कुठे निघालात?" कुणी वळून पाहिलं नाही. गोणपाटाखालून पाणी ठिबकत होतं आणि धुकं गाड्यांच्या मागे ओढणीसारखं लोंबत होतं.

एकेक डबा मागे पडला. आणि इथे सेनोबियोकडून ती गोष्ट घडली, जी एरवी त्याच्याकडून कधी घडली नसती. इतके उन्हाळे तो गाडीचं फक्त पोट पाहत आला होता. आज पहिल्यांदाच त्यानं गाडीचं तोंड पाहिलं. त्याची नजर वर होती, खिडक्यांवर. एक बाई बाळाला वारा घालत होती. एक शिपाई तोंड उघडं टाकून झोपला होता. दोन म्हाताऱ्या सारख्याच टोप्या घालून बसल्या होत्या. इतकी माणसं! आणि अगदी पुढच्या डब्यात, तिसऱ्या खिडकीत, हसिंतानं नुकतीच नेऊन बसवलेली एलोदिया.

त्यानं चिमट्यानं ती आरपार लादी ओढली, पाठीवर बांधलेल्या चामड्यावर घेतली आणि गाडीच्या कडेनं वाकला. डोळे वर खिडकीकडेच. सवयीनं हात पेटीच्या कडीकडे गेला.

कडी नव्हती.

हात डावीकडे गेला, उजवीकडे गेला. सपाट गुळगुळीत पत्रा. त्यानं मान खाली घातली. पेटीच्या जागी एक लांबलचक बंद खोका होता, रंग नवाकोरा, आणि तो आतल्या आत गुरगुरत होता. झाकण नाही, कडी नाही, काही नाही.

"काय झालं? उघड की!" नाबोर मागून धापा टाकत ओरडला.

डब्याच्या पायरीवर गाडीचा एक माणूस उभा होता, पोरगेलासा, बटणं चकचकीत. तो वाकून म्हणाला, "काका, ह्याला बर्फ लागत नाही. जुना डबा वाटेत बंद पडला, हा आज सकाळीच जोडला. मशीनवर चालतो. आत येऊन बघा हवं तर, थंडीनं दात वाजतायत." आणि जणू मशीन त्यानंच बनवलं होतं असा हसला.

सेनोबियो तसाच उभा राहिला. लादीचं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. त्याला काय वाटलं ते आधी त्याचं त्यालाच उमगेना. आनंदच झाला, खोटं कशाला बोला. ती पोचेल. कुणी चुरा भरला नाही भरला, वाळवंट पेटलं तरी पोचेल. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ लगेच दुसरं काहीतरी आलं, रिकामं, मोठं. तिला त्याची गरज लागली नव्हती.

तो खिडकीशी गेला. जाड काच, हिरवट. पलीकडे एलोदिया अंगाभोवती शाल घट्ट लपेटून बसली होती आणि हसत होती. लहान पोरीसारखी हसत होती. तिनं दोन्ही हातांनी दंड चोळून दाखवले, दात वाजवून दाखवले, सीटवर जरा उसळून मखमल दाखवली. मग तिनं त्याच्या पाठीवरची लादी पाहिली. ती उतरवायचं त्याला सुचलंच नव्हतं. तिचं हसू हळूहळू उतरलं. तिला सगळं कळलं. बायकोच ती त्याची.

तिनं काचेला तळवा लावला. त्यानं चिमटा सोडून एका हातानं बाहेरून लावला. बाहेरून काच पोळत होती.

आता बोलावं, असं त्याला वाटलं. ऐकू जाणार नाही म्हणूनच बोलता येईल. आणि तो बोलला. नाबोर तिथे होता, त्यानं ऐकलं, पण काय ऐकलं ते नाबोरनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तोंडाळ माणूस, पण तेवढं त्यानं पाळलं. एलोदिया काचेमागून त्याच्या ओठांकडे पाहत होती आणि मान हलवत होती, हो, हो, हो.

मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. मागच्या डब्याच्या खिडकीतून ती वारा घालणारी बाई बाहेर पाहत होती, बाळाचं तोंड लालबुंद. लिब्रादो आणि नाबोर भरले गाडे घेऊन उन्हात खोळंबले होते. एलोदियानं काचेवरचा हात काढला आणि झटकला. जा. काम बघ.

सेनोबियोचा पाय निघेना. तिनं पुन्हा झटकला, आता भुवया चढवून.

"दुसरा डबा," तो वळून म्हणाला. मग पुन्हा, मोठ्यानं. "दुसरा डबा! उघडा झाकणं! चुरा नाही, सबंध लाद्या!"

ती आरपार लादी दुसऱ्या डब्याच्या पेटीत गेली. त्यानं स्वतः सरकवली, अगदी अलगद, कोपरा न तुटू देता. वर बसलेल्यांना काय पत्ता! मग पुढची, मग त्याच्या पुढची. तिसरा डबा. चौथा. हात आपोआप चालत होते आणि तो त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखा पाहत होता. नाबोर शिव्या देत होता, देवाला, कंपनीला, टरबुजांना. डायनिंगच्या डब्याशी आले तर तिथे आचारी हात नाचवत होता आणि दुधाचे कॅन उन्हात उभे होते.

आणि झोपायच्या डब्यांशी प्रुइटसाहेब होते. कोट काढलेला, टाय खांद्यावर फेकलेला, चिमटा कसातरी उलटाच धरून एक लादी ओढत होते.

"बघत काय बसलात!" ते ओरडले. "हात लावा! मेली जड आहे हा!"

"पाठीवर घ्या साहेब, पोटावर नाही," नाबोर म्हणाला आणि लादी त्यांच्या हातून घेतली. हसायची वेळ नव्हती, नाहीतर वस्तीला वर्षभर पुरलं असतं.

शेवटच्या डब्याची एक पेटी अर्धीच भरली तोवर इंजिनानं शिट्टी दिली. सेनोबियोनं झाकण लावलं आणि मान वर केली.

गाडी हलली. पहिला डबा अर्थातच पहिला गेला. सेनोबियो शेपटीशी होता. त्याच्यासमोरून एलोदियाची खिडकी जाणारच नव्हती, हे त्याला त्या क्षणी कळलं. समोरून सरकले ते शेवटच्या डब्याचे झुळझुळीत पडदे, आणि एक गृहस्थ, पेपर चाळणारा. मग नुसते रूळ. दूर वळणावर गाडीचं डोकं उन्हात वितळलं, मग बाकीची गाडी त्याच्या मागोमाग.

प्रुइटसाहेब पिंपातलं पाणी डोक्यावर ओतून घेत होते. ओतून झालं तरी थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग सेनोबियोजवळ येऊन त्यांनी हात पुढे केला. रागानं नाही.

"शिट्टी दे. वर कळवावं लागणार मला."

सेनोबियोनं गळ्यातली दोरी काढून दिली.

"बायको होता ना तुझी, पुढच्या डब्यात?"

"हो साहेब."

"बसली नीट?"

"बसली. नवा डबा होता. बर्फ लागत नाही त्याला."

प्रुइटसाहेबांनी दोरी शिट्टीभोवती गुंडाळली. त्यांनी शिट्टी खिशात घातली आणि ऑफिसकडे निघून गेले.

नाबोर आणि लिब्रादो रिकाम्या गाड्यांवर आडवे झाले होते. सेनोबियो फलाटावरून खाली उतरला आणि रुळांमधून चालू लागला, गाडी गेली त्या दिशेला. गाडी गेली की इथे होले उतरतात. वाळवंटातल्या पाखरांना गाड्यांच्या वेळा पाठ. डब्यांच्या पेट्यांतून बर्फाचं पाणी ठिबकतं आणि जिथे जिथे डबा उभा असेल तिथे खडीवर एक लांबट ओला पट्टा राहतो, सुकायच्या आत पिऊन घ्यावं लागतं. होले चोची बुडवत होते, एकमेकांना ढकलत होते. सेनोबियो एकेका पट्ट्याच्या कडेनं गेला. झोपायचे डबे, डायनिंग, चौथा, तिसरा, दुसरा.

पहिल्या डब्याच्या जागी खडी कोरडी होती. पांढरी, तापलेली. तिथे एकही पाखरू नव्हतं.

तो बराच वेळ तिथे उभा राहिला. मग परत फलाटापर्यंत आला, गाड्यावरच्या गोणपाटाखाली हात घातला. तळाशी एक लादीचा तुकडा उरला होता, चांगला मोठा, पोटात ढग असलेला. त्यानं तो उघड्या खांद्यावर घेतला.

"कोंपाद्रे," नाबोर आडवा पडल्यापडल्या म्हणाला, "गाडी गेली."

"ठाऊक आहे."

तो पुन्हा तितकंच चालत गेला. तिसरी खिडकी जिथे होती असं त्याला वाटलं, तिथे दोन रुळांच्या मधे त्यानं तुकडा खाली ठेवला. लगेच खडी ओली व्हायला लागली, आधी काळसर ठिपका, मग त्याची धार. थोड्या वेळानं एक होला आला, मग आणखी एक. सेनोबियो हलला नाही, हलला असता तर ते उडून गेले असते.